‘श्यामची आई’ : पालटत्या संसाराची कथा

शाळेच्या ग्रंथपेटीत कोणती पुस्तके आहेत असे विचारले, तर बहुतेक शिक्षकांच्या तोंडी पहिले नाव साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे येते. हे पुस्तक शिक्षकांना परिचित आहे, पालकांना परिचित आहे, आणि ज्यांनी ते कधी उघडलेले नाही त्यांनाही त्यातील दोन-चार प्रसंग ठाऊक असतात. परंतु अतिपरिचयाचा एक तोटा असा की, पुस्तक वाचावयाचे राहून जाते. तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरावयास लावणाऱ्या श्यामची गोष्ट परिपाठात सांगावयाची, २४ डिसेंबरला गुरुजींच्या प्रतिमेस हार घालावयाचा, एखाद्या वर्षी ‘अळणी भाजी’चा नाट्यप्रवेश बसवावयाचा, आणि पुस्तक पुन्हा पेटीत ठेवावयाचे, असा सामान्यतः क्रम असतो. अशा रीतीने सुटे प्रसंग वेचल्यामुळे मुलांच्या मनात हे केवळ सुविचारांचे पुस्तक होऊन बसते. वास्तविक ती एका घराची सलग कथा आहे. सुस्थितीतील एक घर पायरी पायरीने खाली कसे येते, आणि प्रत्येक पायरीवर त्या घरातील माणसे स्वतःस नव्या परिस्थितीशी कशी जुळवून घेतात, हा तिचा विषय होय. ती आरंभापासून शेवटपर्यंत, क्रमाने, वर्गात वाचली जावी, आणि ती वाचताना शिक्षकाने कशाचे भान ठेवावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुस्तकाची जन्मकथा थोडक्यात अशी. गुरुजींचा जन्म १८९९ साली आपल्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. १९२४ ते १९३० ही वर्षे त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून घालविली; पुढे सत्याग्रहात उडी घेण्यासाठी ती नोकरी सोडली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात असताना अवघ्या चार-पाच दिवसांत त्यांनी या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला, आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आश्रमातील मित्रांना श्याम रोज प्रार्थनेनंतर आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची योजना असून अशा बेचाळीस रात्री पुस्तकात आहेत. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या बोलपटास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले व ही कथा घरोघर गेली. याला कादंबरी म्हणावे की आत्मचरित्र, याचा खल विद्वानांनी करावा. मुलांना त्याचे सोयरसुतक नसते; पुढे काय झाले, एवढेच त्यांना हवे असते, आणि ‘पुढे काय झाले’ हे सुटे प्रसंग वाचून कळत नाही.

कथा समजण्यासाठी एक गोष्ट शिक्षकाने आधी स्पष्ट करावी लागेल, ती म्हणजे खोती. श्यामचे घराणे खोताचे. आजच्या मुलांना खोत हे केवळ एक आडनाव वाटते, व वर्गात त्या आडनावाचे एखादे मूलही असण्याचा संभव आहे. गावाचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचा वंशपरंपरागत अधिकार ज्याच्याकडे असे, तो खोत. कुळाने राबून काढलेल्या भाताचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या घरी जाई. त्यास अर्धेल, तिर्धेल असे म्हणत. १८८० च्या कायद्याने या पद्धतीस काही बंधने घातली, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी ती नाहीशी करण्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने ती संपली. हे सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. कारण श्यामच्या घराचे जे वैभव गेले, ते काही आकाशातून पडलेले नव्हते. कुणाच्या तरी नांगरटीवर ते उभे होते. वर्गात खोतांची नातवंडे जशी असतात तशी कुळांचीही असतात. एका घराच्या दुःखात मुलांनी सहभागी व्हावे, परंतु ‘पूर्वी सारे चांगले होते’ अशी खोटी हळहळ त्यांच्या मनात रुजू नये, ही काळजी शिक्षकावाचून दुसरे कोण घेणार?

आता त्या घराच्या उतरणीकडे वळू. पहिल्या काही रात्रींत घर भरलेले आहे. एकत्र कुटुंब, माणसांचा राबता, अक्काचे लग्न, बागेतील फुलझाडे. पुढे भाऊबंदकी शिरते व श्यामच्या आईवडिलांना ते मोठे घर सोडून बाहेर पडावे लागते. आईचे माहेर गावातच असल्यामुळे प्रथम आसरा मिळतो तो तिच्या वडिलांच्या घरी. आसरा प्रेमाचाच, पण आईला तो बोचतो. बापाच्या घरी मिंधेपणाने राहण्यापेक्षा स्वतःची झोपडी बरी, म्हणून ती नथ आणि पाटल्या विकावयास काढते. मग ती लहानशी पर्णकुटी उभी राहते. हा प्रसंग वाचताना मुलांना विचारावे की, आईने काय दिले आणि काय मिळविले? माझा अनुभव असा की, चौथी-पाचवीची मुले याचे उत्तर मोठ्या माणसांपेक्षा नेमके देतात, कारण स्वतःच्या घराची किंमत त्यांना दागिन्यापेक्षा लवकर कळते.

पर्णकुटीनंतरच्या रात्रींत दारिद्र्य एकदम येत नाही. ते हळूहळू, स्वयंपाकघरातून येते. दिवाळीत भाऊबीजेची ओवाळणी आईला मिळते, ती स्वतःसाठी न ठेवता वडिलांच्या फाटक्या धोतराकडे पाहून ती नवे धोतर आणविते. श्याम शिक्षणासाठी दापोलीस राहतो, जवळचे थोडे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवतो, आणि भर पावसात, पऱ्ह्याला पूर आलेला असताना, तो कोट घेऊन घरी येतो. आई तापाने फणफणलेली असता तो दळतो, कांडतो, पाणी भरतो. आणि मुलग्याने घरातील काम केले म्हणून त्याचे काही उणे होत नाही, हे गुरुजी अगदी सहज सांगून जातात. १९३५ साली छापलेल्या पुस्तकात हे आले आहे, याची आठवण वर्गातील मुलग्यांना अवश्य द्यावी. कित्येक घरांत पाण्याचा हंडा आजही मुलीच्याच डोक्यावर असतो.

पुढे कर्ज वाढते. वसुलीसाठी सावकाराचा माणूस दारी येऊन बसू लागतो व नको ते बोलतो. तेल आहे तर मीठ नाही, अशी घराची अवस्था होते. जी एके काळी खोताच्या घरची सून होती, ती आई शेजारच्या घरी मोलाने काम करावयास तयार होते, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही. मात्र दारात येऊन कुणी अपमान करावा, हे तिला सोसवत नाही. या दोहोंतील भेद हा माझ्या मते पुस्तकाचा गाभा आहे. कष्टाने माणूस लहान होत नाही. दुसऱ्याच्या तोंडून आपली किंमत ऐकण्याची पाळी आली म्हणजे तो खचतो. वडिलांची रीत निराळी. ते बोलत नाहीत. मीठ घालावयाचे राहून गेलेली भाजी ज्या मुकाट्याने ते खातात, त्याच मुकाट्याने ते संकटही सोसतात. परंतु त्या मुकेपणात कर्जही वाढत गेले, हे वाचक विसरू शकत नाही, आणि गुरुजींनी ते लपविलेलेही नाही. आईचे सोसणे जितके सुंदर, तितकेच ते तिच्यावर आलेले ओझेही आहे. केवळ सहनशीलतेचा गौरव करून थांबणारा शिक्षक मुलींना काय शिकवितो, याचा विचार झाला पाहिजे.

शेवटी घरावर जप्ती येते. गावात दवंडी पिटली जाते. येथे एका पाचवीतील मुलीने विचारलेला प्रश्न सांगण्याजोगा आहे. तिने विचारले, “मग ती माणसं रात्री झोपली कुठे?” मोठी माणसे या प्रकरणात अब्रूचा विचार करतात, मुलीने अंथरुणाचा केला. उत्तर पुस्तकातच आहे. सामान एकीकडे मोहोरबंद झाले आणि राहण्यापुरती थोडी जागा त्या कुटुंबास मेहेरबानीने देण्यात आली. म्हणजे घर तेच, उंबरठा तोच, पण आता दुसऱ्याच्या परवानगीने तेथे वावरावयाचे. ज्या मुलाने घर सोडण्याचे दुःख पाहिलेले नाही, त्यासही हे दुःख समजावून देता येते. ज्याने पाहिले आहे, त्यास समजावून द्यावे लागत नाही.

याच प्रकरणात शाळा येते. शिक्षकांपैकी फारच थोड्यांचे तिकडे लक्ष गेलेले दिसते, म्हणून ते येथे मुद्दाम सविस्तर लिहितो. जप्तीची दवंडी ऐकून श्यामच्या धाकट्या भावाला वर्गातील मुले चिडवितात. दवंडीच्या ढोलाची नक्कल करतात. ते पोर रडवेले होऊन मास्तरांपाशी जाते व घरी जाण्याची परवानगी मागते. मास्तर त्यास खाली बसावयास सांगतात. शाळा सुटावयास अवकाश आहे, तेव्हा जा. एवढेच. त्या मास्तरांनी मारले नाही, अपशब्द काढला नाही, नियमाबाहेरचे काही केले नाही. परंतु त्या लहानग्याच्या पोटात काय कालवत होते, ते त्यांना कळले नाही. अनेक वर्षे शिक्षक म्हणून काम केलेल्या लेखकाने हा प्रसंग लिहिला आहे. बेचाळीस रात्रींच्या या कथेत आपल्या व्यवसायबंधूच्या वाट्याला ही चार-दोन वाक्ये आलेली आहेत, आणि ती वाचून मन चरकल्यावाचून राहत नाही.

त्या मास्तरांच्या वर्गात एक मूल होते. आपल्या वर्गात अशी किती आहेत? या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत बाप मुंबईस आणि मूल आजीपाशी, ही स्थिती कैक पिढ्यांची आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील घरांची छपरे उडविली, नारळी-पोफळीच्या नि आंब्याच्या बागा आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न देईपर्यंत वर्षे जातात, म्हणजे त्या घरांचा संसार एका दुपारीत कित्येक वर्षे मागे गेला. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या बाजारपेठेत आणि वस्त्यांत पाणी शिरले व अनेकांची दुकाने, भांडीकुंडी, कागदपत्रे, मुलांची पुस्तके वाहून गेली. महामार्गाच्या चौपदरीकरणात कुणाचे अंगण गेले, कुणाचे घर. यांपैकी एखाद्या घरातील मूल तिसऱ्या बाकावर बसलेले असते आणि त्याने गृहपाठ आणलेला नसतो.

म्हणूनच हे पुस्तक वाचताना काही प्रश्न विचारू नयेत. ‘तुमच्या घरी कर्ज आहे का?’, ‘तुमचेही घर पडले होते ना?’ असे वर्गासमक्ष विचारणे म्हणजे पुन्हा दवंडी पिटणेच होय. ज्याला बोलावयाचे असेल तो पुस्तकाच्या आडोशाने बोलेल. श्यामच्या भावाविषयी बोलताना तो स्वतःविषयीच बोलत असेल, आणि शिक्षकाने ते ओळखून न ओळखल्यासारखे करावे. तसेच या वाचनास जोडून ‘माझी आई’ हा निबंध देण्याची प्रथा सरसकट पाळू नये. वर्गात आई नसलेले एक जरी मूल असेल, तरी विषय ‘आमच्या घरातील एक माणूस’ असा ठेवावा. आजी, काकी, मोठी बहीण, कुणाविषयीही लिहिता येईल, आणि ज्यांना आईविषयीच लिहावयाचे आहे त्यांची अडचण होणार नाही.

काही प्रसंग जसेच्या तसे सांगून पुढे जाता येत नाहीत. पोहावयास घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते. त्या काळच्या घराघरांत हे घडे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे निषिद्ध ठरविले आहे, आणि आईने मारले म्हणून आपणही मारावे असा आधार या पानांतून कुणी काढू नये. दुसरा प्रसंग मोळी घेऊन चाललेल्या महार समाजातील म्हातारीचा. तिची मोळी खाली पडलेली असते. आई श्यामला ती उचलून द्यावयास पाठविते, आणि मग अंघोळ करावयास सांगते. आपल्या काळाच्या मानाने ती बाई पुष्कळ पुढे गेली होती, परंतु अंघोळ राहिलीच. शिक्षकाने हे गाळू नये. श्यामचे मन मोळी उचलण्याकडे गेले, पुढच्या पिढीने अंघोळीचाही विचार सोडला पाहिजे होता, असे सरळ सांगावे. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, ही माहिती येथेच द्यावी. म्हणजे आईने जेथे आणून सोडले तेथून मुलगा कुठवर गेला, हे मुलांस कळेल.

क्रमाने वाचन करावयाचे तर वेळेचा हिशेब हवा. शनिवारच्या अर्ध्या दिवसाच्या शाळेत एक रात्र, असे केल्यास पुस्तक एका वर्षात संपत नाही. सहावी-सातवी मिळून दोन वर्षे ठेवली तर सुखाने संपते. प्रत्येक रात्रीच्या आरंभी आश्रमातील वर्णन येते, ते लहान वर्गात थोडक्यात सांगितले तरी चालेल. भिंतीवर एक लांब कागद लावून त्यावर, ‘घरातून काय गेले’ आणि ‘घरात काय राहिले’ अशा दोन रकान्यांत मुलांनी दर आठवड्यास नोंद करावी. पहिल्या रकान्यात मोठे घर, दागिने, अंगणातील माणसे, गाय असे येत जाईल. दुसरा रकाना भरणे कठीण, आणि त्यावरच वर्गात खरा वाद होतो. ‘आईचा शब्द’ ही वस्तू की नव्हे, यावर मुले तावातावाने बोलतील. त्यांना बोलू द्यावे.

भाषेच्या बाबतीत आपल्या मुलांना एक लाभ आहे, जो नागपूर-पुण्याच्या मुलांना नाही. पऱ्ह्या म्हणजे काय, गडगा कसा रचतात, कुडाची भिंत कशाची करतात, हे त्यांना सांगावे लागत नाही. जप्ती, दवंडी, कूळ, सारा हे शब्द मात्र समजावून द्यावे लागतील. तालुक्याच्या नकाशावर पालगड, दापोली, लाडघर ही ठिकाणे शोधावीत, आणि श्याम पायी किती चालत असेल याचा अंदाज करावा. लाडघरच्या तामस्तीर्थावर आई नवसासाठी जाते. तेथील समुद्राच्या तांबूस पाण्याची कारणे विज्ञानाच्या तासास विचारता येतील. पालगड येथे गुरुजींच्या घराचे स्मारक आहे. जवळच्या शाळांनी पुस्तक अर्धे झाल्यावर तेथे सहल न्यावी. आधी नेल्यास ते केवळ एक जुने घर दिसते.

परक्या देशांतील मुलांच्या साहित्यातही हा विषय आला आहे. ‘पाडस’ ही राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली अमेरिकन कादंबरी अनेक शिक्षकांनी वाचली असेल. तेथेही जंगलातील एका गरीब शेतकऱ्याचे घर आहे, आणि पिकाची नासाडी झाली म्हणजे भूक कशी दारात येते, ते ज्योडी नावाच्या मुलाच्या डोळ्यांनी दिसते. तेथील आई श्यामच्या आईसारखी कोमल नाही, तुटक बोलते. सातवीच्या चांगल्या वाचकांच्या हाती हे पुस्तक दिल्यास, कठोर बोलणारी आईही घर सांभाळतच असते, हे त्यांचे त्यांना उमगेल. सगळ्यांच्या आया गोड बोलणाऱ्या नसतात.

राहिल्या शेवटच्या पाच रात्री. आईचा आजार, निरवानिरव आणि मृत्यू. श्याम त्या वेळी शिक्षणासाठी दूर असतो. आईची व त्याची अखेरची भेट होत नाही. गुरुजींच्या आईचा मृत्यू १९१७ साली झाला. हा भाग वाचताना शिक्षकाचा आवाज दाटून येतो व वर्ग रडतो, आणि पुष्कळदा ते वाचनाचे यश मानले जाते. मला ते तितकेसे मान्य नाही. रडणे येईल ते येऊ द्यावे, पण रडविण्यासाठी आवाज चढवू-उतरवू नये. सरळ, साध्या स्वरात वाचावे. या रात्री शेवटच्या तासास कधीही घेऊ नयेत. मधल्या सुटीच्या आधी घ्याव्यात, म्हणजे मुलांना नंतर अंगणात खेळावयास मिळेल. आणि वाचन संपल्यावर एखादे मूल उगीच टेबलापाशी घोटाळू लागले, वहीला कव्हर घालून मागू लागले, किंवा घरी जाऊ का म्हणून विचारू लागले, तर हजेरीपट बाजूस ठेवून आधी त्याच्याकडे पाहावे.